लश्कर एक, मुरार सहा

भुसावळला, आर. एम. एस. मध्ये, एकतीस वर्षं
मी हे शहर हाताने वाचलं.
लश्करचा खण डावीकडे, खांद्याच्या उंचीला,
मुरारचा सगळ्यात खाली, वाकावं लागे.
माझ्या कमरेत जी कळ आहे
ती मुरारची आहे.

आज पहाटे उतरलो. धुकं.
टेंपोवाला विचारत होता, "बाड़ा? हजीरा? मुरार?"
कुणी माझ्याच पोरांची नावं घ्यावीत तसं झालं.
मी तिन्हींना हो म्हणालो.

खणांना रंग नसतो. वासही नसतो,
फार तर खळ आणि लाख.
इथे दाना ओलीच्या तोंडाशी मिरची कांडत होते,
सगळी गल्ली शिंकत होती,
शिंकता शिंकता भाव करत होती.
ओली म्हणजे मी समजायचो भिजलेली;
दरसाल एवढं धान्य भिजतं तरी कसं,
कुणी ताडपत्री का घालत नाही.
पाटी बघितली आणि कळलं: ओळ.
दाणेवाल्यांची ओळ.
आमचा ळ इथल्या उन्हात उभा राहून राहून
कधीतरी गळून पडला.
मी थोडा वेळ खाली बघत चाललो.

पुढे चिटणीस की गोठ.
चिटणीस आपले, गोटही आपलाच,
मध्ये एक 'की', पोटभाडेकरू म्हणून आलेली,
आता घर तिच्या नावावर.
कुमुदताई इंगळे खाटेवर मटार सोलत होत्या.
"महाराष्ट्रातून? मग किल्ला बघायला आलात
की आम्हाला?"
मला उत्तर सुचेना.
"बसा नं, धूप येऊन राहिली इथवर."
बसलो. त्यांनी एक ओंजळ माझ्यापुढे सरकवली.
बोटांना काम मिळालं की मी बरा असतो.
शेंगा त्यांच्या, दाणे भांड्यात, सालं गाईला:
तीन खण. एकही चूक नाही.

हजीऱ्याला गिरणीचं धुराडं उभं आहे
आणि खाली रामसनेही कुशवाह कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त करतो.
पूर्वी साच्यावर फिटर होता.
हजीऱ्याहून खानदेशात येणाऱ्या मनीऑर्डरी
माझ्या हातून जात. पाच तारखेला गठ्ठाच.
एका वर्षी त्या आटल्या.
मला वाटलं, संप असेल.
मी त्याला हे सांगितलं.
त्याने एक शिट्टी फुंकून पाहिली,
दुसरी घेतली.

आणि ती जांभळी शाई.
दर दिवाळीला एक पाकीट, अक्षर उजवीकडे कललेलं,
सौ. वत्सला प्रधान, पाटणकर बाजाराच्या मागे, ग्वाल्हेर.
बस. एवढंच. पिन नाही.
मी तांबड्या पेन्सिलीने लिहायचो ४७४००१.
नियमात नव्हतं तसं काही.
एकोणीस दिवाळ्या.
बाजाराच्या मागे आज चपलांचं दुकान आहे.
गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "कौन?"
मी नाव पुन्हा सांगितलं.
त्याने मोबाइलमध्ये शोधलं, मनापासून शोधलं,
मग म्हणाला, "आपको साइज़ क्या आता है?"
आठ, मी म्हणालो.
आठच येतो मला.

संध्याकाळी बाड्यावर, मोठ्या पोस्टाच्या पायऱ्यांवर
नव्या चपला घालून बसलो.
समोर फुगेवाला, चाटवाला, एक बोहरी कुटुंब घाईत,
सायकलवर उशांचा डोंगर, खाली दोनच पाय दिसणारे.
हे सगळे माझ्या एका खणात मावायचे.
मावायचे कसे?

कार्ड घेतलं. घरच्या पत्त्यावर लिहिलं:
गजक घेतली. पाय दुखतात.
मुरार राहिलं.
पत्ता पूर्ण केला, गाव, तालुका, जिल्हा,
आणि खालची सहा घरं
मुद्दाम कोरी ठेवली.
असेल अजून कुणीतरी तिकडे,
कानावर तांबडी पेन्सिल.