राखेचा नमुना

जानेवारीत रुदावकावर आभाळ नसतं,
झाकण असतं.
दक्षिण पोलंडातली खोलगट दरी, दोनेकशे धुराडी,
आणि धूर वर जायचं विसरून
उंबऱ्याउंबऱ्याशी घुटमळणारा,
उधारी मागायला आल्यासारखा.
शाळेच्या भिंतीवरच्या पाटीत आकडा लाल झाला
की मधल्या सुट्टीतही मुलं वर्गातच.

बोग्ना नगरपालिकेची.
ओले बूट, पत्र्याची पळी, झिपच्या पिशव्या,
आणि खिशात एक कागद, ज्याच्या जोरावर
सकाळी सहा ते रात्री दहा
ती कुणाच्याही शेगडीत हात घालू शकते.
आधी नाक पोचतं, मग ती.
हे प्लास्टिक. हा ओला कोळसा.
हे व्हार्निशचं लाकूड, सोळा नंबर.

दार उघडतं. झेनॉनचा खोकला आधी बाहेर येतो,
मागून झेनॉन. एकतीस वर्षं खाणीत.
"सरकार आलं वाटतं."
ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
पायपुसण्यावर बूट पुसत राहते.

शेगडीशेजारी करवतीनं कापलेली खिडकीची चौकट.
एका तुकड्यावर अजून बिजागरी,
जिला आता काहीच उघडायचं नाही.

"अनुदान आहे ना नव्या शेगडीला," ती म्हणते.
"आहे. चौदा पानी.
नवव्या पानावर घरमालकाची सही.
घर हालिनाच्या नावावर,
आणि हालिना अकरा वर्षं टेकडीवर, देवळामागे.
तूच जा, घेऊन ये सही."

खिडकीतून नदीपलीकडची कोक भट्टी दिसते.
तिच्या परवान्याची पानं सातशेच्या वर,
पण ती कुठल्याच पानावर अडली नाही.
"त्यांची राख कधी घेतलीस?"
"ते माझ्याकडे येत नाही.
ते प्रांताच्या कचेरीकडे."
"मग ती कचेरी येते?"
"येते. पत्रानं तारीख कळवून."
झेनॉन हसतो; हसण्याचं लगेच
खोकल्यात रूपांतर होतं.

ते माझ्याकडे येत नाही:
एवढ्या वाक्यावर
केवढाल्या इमारती उभ्या आहेत, लिफ्टसकट.

भिंतीपलीकडून दुसरा खोकला येतो, लहान,
आणि नेब्युलायझरची घरघर.
तक्रारीचा फोन कुणाचा, हे बोग्नानं सांगायचं नसतं.
झेनॉननं विचारायचं नसतं.
दोघं भिंतीकडे बघत राहतात.
"लुइझा," तो हळू म्हणतो. "सात महिन्यांची.
ती झाली तेव्हा पाळणा मीच दुरुस्त करून दिला."
मग स्वतःच वाकून शेगडीचं दार उघडतो.
"खालची घे. वरची आजची आहे, नुसता कागद."

पळी आत जाते. तीन चमचे.
पिशवीवर पत्ता, वेळ, आणि एक शब्द: राख.
नाम म्हणून वाचा, संपलेलं लाकूड.
क्रियापद म्हणून वाचा, तर कुणीतरी कुणालातरी
काहीतरी सांगतंय.
प्रयोगशाळेला एवढंच कळेल
की क्लोरीन किती, शिसं किती.
बिजागरी तिथं वितळत नाही.

दंड पाचशे झ्वोटीपर्यंत करता येतो.
पावतीबुक टेबलावर. पेन गारठलंय,
ती ते तळहातांत चोळते.
मग पावतीबुक तसंच ठेवून म्हणते,
"दाखवा ते नववं पान."

पाऊण तास गेला. समासात तिनं लिहिलं:
वारसाचा दाखला मागवावा.
स्वतःची सही केली, जिथं तिच्या सहीची
कुणी जागा सोडलेली नव्हती.
उद्या साहेब विचारतील, हे तुझ्याकडे येतं का?
दंड केला की नाही, ते नोंदवहीत आहे.
मी पाहिलेलं नाही.

बाहेर भट्टीची ज्योत, निवांत, कागदपत्रं पूर्ण असलेली.
बोग्नाच्या मुठीत पिशवी अजून कोमट.
हातमोजे न घालताच
ती अठरा नंबरकडे वळली.