दोन्ही खांदे सारखे

जाहिरातीत मी लिहिलं होतं:
गिटार, आठ वर्षं जुनी, एकाच हातची,
खोका नाही, बिल नाही, मागे नखाएवढा टवका.
विकायची नाही. बदलायची आहे.

पहिल्या दिवशी तेरा जण.
लास्ट किती मॅडम.
मोबाइल देतो बदल्यात.
एकाने विचारलं, आहे का?
आहे म्हटलं, तर परत फिरकला नाही.

मग हा.
नावाच्या जागी आर. एम.,
फोटोत मोटरसायकलच्या टाकीवर बसलेलं मांजर.
रात्री पावणेबाराला एकच ओळ:
दोन्ही खांदे सारखे आहेत ना?

मी आधी स्वतःचेच पाहिले.

माझीला कट नाही, डावं-उजवं अगदी सारखं.
म्हणूनच तर द्यायची होती.
बाराव्या पडद्यापुढे हात अडतो,
पुढचे सूर समोरच्या इमारतीतल्या गॅलरीसारखे,
दिसतात, जाता येत नाही.
त्याच्याकडे कटवाली होती.
चार फोटो पाठवले त्याने,
चारही फोटोंत ती एकटीच खाटेवर,
कुठे हात नाही.

रविवारी अकराला, तीन टाकीला.
कोपरखैरण्यात सेक्टर सांगितला की माणूस चुकतो,
टाक्या चुकत नाहीत.
भावाला लोकेशन पाठवून ठेवलं.
पर्समध्ये मिरचीपूड होती, पण ती दुकानाची, सॅम्पलची.
मी तुर्भ्याला मसाला मार्केटात हिशेब लिहिते.
गिटार तिथेच असते, गाळ्यावर, पोत्यांना टेकून;
घरी सासऱ्यांची झोप कागदाची.
दीड ते दोन हमाल डबे उघडतात
आणि मी चार कॉर्ड घोटते.
दाजीबा म्हणतात, बाई, कालचंच वाजवा.
रोज कालचंच असतं.

तो आला. रोहिदास मढवी, गोठिवली.
पाठीवर गिटार, डावा हात खिशात.
रसवंतीच्या बाकावर बसून
त्याने माझीच्या भोकाशी नाक नेलं.
धणे, म्हणाला. थोडी हळद पण.
मग तिला उलटी धरली, मान उजवीकडे,
आणि खिशातला हात बाहेर काढला.

मधलं बोट पेरभर कमी. शेजारचं दीड.
रबाळ्याचा प्रेस, म्हणाला,
जसं कोणी म्हणावं, ऐरोलीचा मामा.
पहिलं वर्ष हिच्याकडे पाठ करून झोपलो, ताई.
मग म्हटलं उजवा आहे की, त्याला शिकवू.
पण कटवाली उलटी धरली की कट वर येतो,
लोक विचारतात, उलटी का धरलीस रे?
सारख्या खांद्यांची असली, तारा फिरवल्या,
की कुणाला काय कळतंय.

मला सुचेना काही.
मी त्याच्या गिटारच्या खुंट्या पिळत बसले,
सुरात असलेली तार उगाच उतरवली, परत चढवली.

बाजारभावाने त्याची पंधराशेने महाग.
मला कळतं, माझं कामच आहे ते.
नोटा पुढे केल्या तर म्हणाला,
धणे द्या अर्धा किलो, कधी आलो तिकडे की.
रसाचे पैसे त्यानेच दिले, डाव्या हाताने.

सोमवारी गाळ्यावर तिची पिशवी उघडली.
दुसऱ्या-तिसऱ्या पडद्याशी, तारांखाली,
लाकूड खचलेलं, दोन ठिकाणी, गुळगुळीत.
वर्षानुवर्षं एकच कॉर्ड दाबल्यावर खचतं तसं.
मी बोटं ठेवून पाहिली.
सैल झाली.
त्याची मोठी होती.

कट मात्र खरंच उपयोगाचा.
पंधराव्या पडद्यापर्यंत गेले,
दाजीबांनी डब्यातून मान वर केली,
हे काल नव्हतं, म्हणाले.

गुरुवारी तो येऊन धणे घेऊन गेला, मी बँकेत होते.
रात्री मांजराच्या फोटोतून निरोप:
तुमच्या गिटारच्या पोटात काहीतरी खडखडतं.
मिरी असेल, मी लिहिलं.
काढू?
विचार करत होते, तेवढ्यात त्याचाच पुढचा:
राहू दे, ठेक्याला बरी पडते.
आई म्हणाली धणे जुने नाहीत ना.