अर्धं वल्हं

सकाळी कोकोमेरेन समंजस असते.
वर बर्फ अजून झोपलेलं.
एर्निस म्हणतो, जे काही करायचं ते अकराच्या आत,
दुपारी डोंगर वितळून खाली येतो
आणि मग ही कुणाचं ऐकत नाही.

आम्हाला निघायलाच साडेअकरा झाले.
माझ्या ड्रायसूटच्या झिपमुळे.

तिसऱ्या घळीत पाणी राखाडी, सिमेंट कालवल्यासारखं,
आणि आवाज एवढा की एर्निसची शिट्टी
मला फक्त त्याच्या फुगलेल्या गालांवर दिसली.
डावीकडून, त्याने हात केला. डावीकडून.
मी डावीकडूनच गेले,
पण पाणी उजवीकडे निघालं होतं.

उलटी.
कमरेपासून एक मी कायाकमध्ये अडकलेली,
दुसरी नदीत लोंबणारी,
आणि जिथे आभाळ असायला हवं तिथे थंडी.
तळाशी दगड सरकत होते,
वरच्या मजल्यावर कुणी रात्री कपाट हलवावं तसे.
भीती नंतर आली. आधी राग आला.
सत्तेचाळीस वर्षं, दोन विमानं, एवढी सगळी तयारी,
आणि या दगडांना माझं काहीही पडलेलं नाही!

वल्हं फिरवलं. वर आले नाही.
पुन्हा फिरवलं, खडकात अडकलं,
हाताला कट्‌कन कळलं.
मग अर्धं वल्हं. मग तेही नाही.
दोरी ओढून कशीबशी बोटीबाहेर पडले.

'नाकातोंडात पाणी' हे शब्द
मी आयुष्यभर उधारीवर वापरत आले होते.
त्या दुपारी सगळी उधारी फिटली.

एर्निसने दोर फेकला, तो चुकला.
दुसरा मानेवर येऊन आपटला.
काठावर मी गुडघ्यांवर बसून नदी ओकत असताना
त्याने थर्मास उघडला
आणि काहीच विचारलं नाही.

पुढचे तीन दिवस जोडाचं सुटं वल्हं.
त्याच्या सांध्यात दर फटक्याला कुरकुर.

मग दरी सैल झाली.
काठावर गोल तंबू, धुराची रेघ,
दाव्याला सहा शिंगरं, आसपास त्यांच्या आया,
आणि निळ्या प्लास्टिकच्या पिंपात
एक म्हातारी दूध घुसळत होती.
मी आधी दांडा ओळखला.
पिवळी टेप. टेपवर मार्करने लिहिलेलं माझं नाव,
'किनी' धुऊन गेलेलं, फक्त 'मंदा' उरलेलं,
आई हाक मारायची तेवढंच.

बुरुल-आपा. तिचा जुना दांडा वसंतातच मोडला होता,
ती म्हणाली, मग नदीने हा दिला.
त्यांच्याकडे या रवीला बिश्केक म्हणतात.
बिश्केक!
माझ्या पासपोर्टवर त्याच नावाचा शिक्का होता.
रात्री अडीचला मी एका रवीत उतरले होते
आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

परत मागू का? एर्निसने हळूच विचारलं.
वल्ह्याची किंमत मला पाठ होती.
अर्ध्याचं काय करणार, हेही माहीत होतं.
तेवढ्यात तिनेच टेप आणि माझं तोंड
दोन्हीकडे एकदा बघितलं,
पदराला शोभेल अशा ओढणीने दांडा पुसला
आणि माझ्यासमोर धरला.

मी घेतला. पिंपाशी उभी राहिले.
घुसळायला लागले.

दहा-बारा फेऱ्यांनंतर तिने माझं मनगट धरलं,
खाली दाबलं, आणखी खाली,
पाते तळाला लागेपर्यंत, आणि काहीतरी म्हणाली.
वरवर मारतेस, एर्निसने सांगितलं.
आणि नदीकडे बघत राहिला.
तिसऱ्या घळीत त्याच्या गालांवर
हेच होतं बहुतेक.

तिने वाडगा भरून दिला.
आंबट, फेसाळ, त्याला धुराचा वास.
मी म्हटलं, रहमत.
तिकडे आभारांना हेच म्हणतात.

एव्हाना दोन वाजले होते.
काठावरचा एक पांढरा धोंडा,
येताना ज्याला बोटी टेकवल्या होत्या,
आता दिसत नव्हता.