मीठ बघून सांग

शिरपूर फाट्यावरून, आग्रा रोडवरून,
यंदाचा चौथा पोरगा सुरतेला गेला.
जाताना अ‍ॅप्रन घडी घालून
गल्ल्यावर ठेवून गेला, एवढं मात्र खरं.

पाचशे वाढवले होते मी.
'महिन्याचा उत्तम कामगार' म्हणून
भिंतीवर फोटोची चौकटही लावलेली.
तिच्यात अजून दुकानातूनच आलेली
गुलाबी बाई हसते आहे.

मग एकदा साडेचारला,
गिऱ्हाईक ओसरल्यावर, भट्टीमागे गेलो.
तेलाच्या डब्यावर बसून गेमल जेवत होता.
तळाची शेवभाजी, थंड,
शेव विरघळून लगदा झालेली,
कळण्याची अर्धी भाकर.
मला बघून त्यानं ताट मागे लपवलं,
चोरी केल्यासारखं.

त्या रात्री झोप लागली नाही, असं काही नाही.
लागली. पण सकाळी अकराला,
शटर अर्धंच वर असताना,
पहिला रस्सा त्याच्या वाटीत ओतला.
म्हटलं, मीठ बघून सांग.

तो माझ्याकडेच बघत राहिला.
मग एक घोट. मग डोळे मिटून अजून एक.
"मीठ बराबर शे, शेट.
पन खोबरं कच्चं ऱ्हायनं."

आचारी माझा वीस वर्षांपासूनचा. गप्प झाला.
कढई परत भट्टीवर चढली.

आता अकराला सगळेच जेवतो, गरम.
गेमल दिवाळीनंतर टिकेल का, माहीत नाही.
बोराडीला स्वतःची गाडी टाकीन म्हणतो.
काल मसाल्याचं माप विचारलं त्यानं.
सांगितलं सगळं.
लवंगांचं तेवढं राखून ठेवलंय,
दिवाळीनंतर सांगेन.