रीडिंग

तीस वर्षं हे लोकांची मीटरं वाचत आले,
जिन्याखालच्या अंधारात, टॉर्च दातांत धरून.
रिटायर झाले, गच्चीवर दोन पॅनल बसवली
नि वहीत स्वतःचंच रीडिंग लिहू लागले.
पुसायला माझं जुनं पातळ.
कावळ्यांना काच आवडते, हे तेव्हा कळलं.

मग कन्नमवार नगरात आमच्या पश्चिमेची इमारत पडली,
टॉवर उठला. वहीत नोंदी:
साडेचार, सावली. चार, सावली.
तीन दहा.
मी म्हटलं, भांडा की.
म्हणाले, उन्हाचा काय सातबारा असतो?

पण मधल्या फटीत वारा सुसाट झाला होता.
माझी उशीची खोळ
पाटकरांच्या ग्रिलमध्ये सापडली.
ती हातात घेऊन हे बराच वेळ उभे.
संध्याकाळी भंगारातून मोटर आणली,
पाती पीव्हीसी पाइपची.

रात्रभर घरघर.
पाटकरांची तक्रार आली, तीही रास्तच.
उजेड म्हणाल तर मोरीतला एक दिवा,
तोही डोळे मिचकावत.

पहाटे उठून मी आधी तो बघते.
लखलखीत असला
की कपड्यांना दोन-दोन चिमटे.