गाद्या बेचाळीस

एप्रिल संपता संपता
मंडपवाल्या अन्सार मुजावरला फोन केला : गाद्या बेचाळीस.
तो म्हणाला, लगीन कुणाचं, सर?
म्हटलं, लग्न नाही. उन्हाळी शाळा. भौतिकशास्त्राची.
जरा थांबून म्हणाला,
मग उशा कमी लागतील.

बेचाळीस जण. एक सिलचरहून, तीन गाड्या बदलून,
दोघं मदुराईचे,
एक गडहिंग्लजची, एसटीनं –
सुनीती बाळगोंडा मगदूम. अर्जाला शिफारसपत्र नाही,
नुसता एक प्रश्न जोडलेला, तोही पेन्सिलनं.
समिती म्हणाली, अपूर्ण.
मी तो अर्ज गठ्ठ्याच्या वर ठेवला,
तो खाली गेला,
मी परत वर ठेवला.

पीएच.डी.ला असताना मी
थंड होत जाणाऱ्या चुंबकांवर काम करायचो.
आता मला माहीत असतं
टँकर किती वाजता येणार नाही,
वसतिगृहातला कुठला पंखा नुसता आवाज देतो,
आणि पांढरा रस्सा न खाणाऱ्यांची यादी
कुणी हरवली.

प्रात्यक्षिकाला दुहेरी लंबक हवा होता.
कंपनीचं कोटेशन अठ्ठावीस हजार, जीएसटी वेगळा.
मग उद्यमनगरात, गुंडू लोहारांच्या लेथवर.
त्यांनी आकृती उलटी धरली, सुलटी धरली,
म्हणाले, ह्यात खेळ किती ठिवायचा?
म्हटलं, घर्षण अजिबात नको.
"सगळीच म्हणत्यात.
शून्य घर्षण देवालाबी जमलं न्हाई, सर.
आठशे द्या. हुईल तेवढं काढतो."

नवव्या दिवशी दुपारी तीनला वीज गेली.
चेन्नईचे पाहुणे अर्ध्या समीकरणात उभे,
पडद्यावर काही नाही.
त्याच वेळी दारात गुंडू लोहार, पोत्यात लंबक, हात काळे.
टेबलाला शिकंजा आवळला, दांडी वर नेली, सोडली.
वरचा दांडा शहाण्यासारखा झुलला.
खालचा गर्रकन फिरला, अडखळला,
कुणाचं न ऐकता उलटा गेला.
पुन्हा सोडला, त्याच खुणेवरून.
वेगळाच.
पुन्हा. वेगळाच.
लोहार दुखावले. "माझ्या कामात चूक न्हाई."

सुनीती मागच्या बाकावरून म्हणाली,
"चूक नाहीच, काका. हात सोडताना केसाएवढा फरक पडतो,
मग तो वाढत जातो."
"केसाएवढा? पोरी, मी केसाच्या आत काम करतो."
"मग त्या केसाचा हजारावा भाग."

त्यांनी खडूनं खूण केली. लेव्हल लावली. श्वास धरला.
सिलचरचा मुलगा गिरक्या मोजत जमिनीवर बसला.
चेन्नईच्या पाहुण्यांनी बाह्या सरसावल्या.
साडेचारला दिवे आले.
प्रोजेक्टर कुणी लावला नाही.

जूनमध्ये हिशेब.
"लंबक, आठशे. पावती नाही.
कुठल्या शीर्षाखाली घालू?" लेखाविभागाचे शिंत्रे विचारतात.
अजून विचारताहेत.

गाद्या परत गेल्या एक्केचाळीस.
बेचाळिसावी प्रयोगशाळेत सापडली, लंबकाच्या टेबलाखाली,
आणि तिच्या घडीत वहीचं एक पान,
पेन्सिलनं भरलेलं, मध्येच थांबलेलं.
तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय, असं वाटलं.
मग वाटलं, नाही.
खाली अन्सारचा टेम्पो हॉर्न देतोय,
एका गादीसाठी, कधीपासून.
मी गादीवर बसूनच
खिशात पेन्सिल चाचपतो.