माझगावचं पॅनेल

जिन्याखालच्या कपाटात अजून चिनी मातीचे फ्यूज,
वर घोन्साल्विस मेस्त्रींची पेन्सिल : ओटी, काचपेटी, लिफ्ट.
ट्रस्टी विचारतात, हेच ठेवायचे की ब्रेकर?

मेस्त्री म्हणायचे, तार खोटं बोलत नाही.
वितळली म्हणजे वितळली.
खरंय. पण एका रात्री कुणी घाईत
तिच्या जागी जाड तार पिळली,
ती वितळेचना. भिंत तापत राहिली.

ब्रेकर पडतो, खटका वर केला की उभा.
तेही खरं. पण परवा पॅन्ट्रीतली किटली शॉर्ट झाली
आणि पडला अख्ख्या मजल्याचा ब्रेकर.
कुंदा तांडेल सिस्टरनी चार मिनिटं
हातानं फुगा दाबला बाळासाठी,
आकडे मोठ्यानं मोजत,
अंधारात आईला ऐकू जावेत म्हणून.

कोटेशनच्या पाठीवर मी लिहिलं :
वर फ्यूज, खाली प्रत्येकाचा वेगळा ब्रेकर.
किटलीनं किटलीपुरतंच मरावं.

मेस्त्रींना फोन केला. खोकले.
"सुटे फ्यूज?"
कपाटात. किल्ली सिस्टरकडे.
"नावं पेन्सिलीनंच लिही," म्हणाले,
"ओल येते तिथं. शाई पसरते."